टाळं लागण्याआधी आणि टाळं लागल्यानंतर

भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर मंडीदीप लागतं. गाव भोपाळच्या पोटातलं वाटतं, जिल्हा मात्र रायसेन. इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे, जवळून बेतवा वाहते, आणि थोड्याच अंतरावर भोजपूरचं अकराव्या शतकातलं अपुरं राहिलेलं शिवमंदिर उभं आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे औद्योगिक वसाहत वाढू लागली आणि खेड्याचं गिरणगाव झालं. ग्रॅफाइट इलेक्ट्रोड बनवणारी एचईजी, औषधं बनवणारी ल्युपिन, प्रॉक्टर अँड गॅम्बलचा कारखाना, वर्धमानचं सूत, दावतचा तांदूळ, ट्रॅक्टरचा कारखाना अशी नावं एकामागून एक आली. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात गेली होती. भाड्याच्या खोल्या, खानावळी, चहाच्या टपऱ्या, मालट्रकांचे अड्डे, सुट्या भागांची छोटी वर्कशॉप्स हे सगळं या कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतं.

अशा गावात एखाद्या मोठ्या कंपनीने टाळं लावलं तर काय होतं? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मंडीदीपच्या उत्तरेला, जुन्या भोपाळच्या कडेला, काली परेड मैदानाजवळ युनियन कार्बाइडचा कारखाना गंजत उभा आहे. त्याच्याबद्दल जगभर लिहिलं गेलं ते विषारी वायुगळतीच्या एका रात्रीमुळे, आणि ते योग्यच आहे. पण तो एक कारखानाही होता. तिथे माणसं पाळीला जात, पगार घेत, संघटना चालवत. एक बहुराष्ट्रीय कंपनी शहरात कशी येते, धंदा बसला की आतून कशी आवरायला लागते आणि गेल्यावर मागे काय ठेवते, याची भारतातली सगळ्यात संपूर्ण कहाणी याच कुंपणाआड घडली आहे.

भोपाळला कारखानदारी शिकवली ती सरकारने. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने गोविंदपुऱ्यात कारखाना उभारला, ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. पुढे तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे भेलमध्ये, सामील झाला. नबाबांच्या जुन्या शहराशेजारी क्वार्टर्स, शाळा, दवाखाना असलेलं एक नवं शहर वसलं आणि देशभरातून, महाराष्ट्रातूनही, अभियंते आणि कुशल कामगार इथे आले. भेलची नोकरी म्हणजे जन्माची सोय, हे समीकरण भोपाळच्या घराघरांत पक्कं झालं.

त्यानंतर १९६९ मध्ये कार्बाइड आली. कंपनी भारताला नवी नव्हती. एव्हरेडी बॅटऱ्यांमुळे तिचं नाव खेड्यापाड्यांतल्या टॉर्चपर्यंत पोचलं होतं. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकन मूळ कंपनीकडे होते. हरितक्रांतीचे दिवस होते, कीटकनाशकांना मागणी येणार असा सगळ्यांचाच अंदाज होता. भोपाळमध्ये आधी आयात रसायनांपासून ‘सेविन’ हे कीटकनाशक तयार करण्याचं काम सुरू झालं. १९७५ मध्ये वर्षाला ५,००० टन उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९८० पासून त्यासाठी लागणारं विषारी मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, इथेच बनू लागलं. काही ऑपरेटरांना प्रशिक्षणासाठी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात पाठवलं गेलं. पगार चांगला, नाव मोठं. विज्ञानाचे पदवीधर आणि पदविकाधारक तरुण इथे रांग लावत. शहरात कार्बाइडच्या माणसाला मान होता.

अडचण एवढीच, की अंदाज चुकला. दुष्काळ, शेतकऱ्यांची आटलेली खरेदीशक्ती आणि छोट्या उत्पादकांची स्वस्त कीटकनाशकं यांच्यापुढे सेविन महाग पडू लागलं. १९८१ मध्ये सुमारे २,७०० टन उत्पादन झालं, १९८३ मध्ये ते सुमारे १,६५० टनांवर आलं. क्षमतेच्या एक तृतीयांशावर चालणारा कारखाना म्हणजे तोट्याचा कारखाना.

इथून कारखानाबंदीची खरी तारीख शोधायला हवी. कागदोपत्री कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. कामगारांच्या दृष्टीने तो त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच बंद व्हायला लागला होता. खर्चकपातीचे हुकूम आले. चांगले अभियंते आणि अनुभवी ऑपरेटर दुसरीकडे नोकऱ्या शोधून निघून गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. मिक विभागातल्या पाळीतले ऑपरेटर जवळजवळ निम्म्यावर आले, देखभालीची माणसं कमी झाली, रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागाच रद्द झाली. नव्या माणसाचं प्रशिक्षण आखडलं. गळका व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी तात्पुरता दुरुस्त होऊ लागला. जून १९८४ मध्ये मिकच्या टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद केली गेली. यातली कुठलीही गोष्ट एकटी घेतली तर ती हिशेबाच्या वहीतली एक ओळ वाटते. ज्या कंपनीला एखाद्या जागी राहायचं असतं ती अशी बचत करत नाही.

कामगारांना हे दिसत होतं आणि त्यांनी ते सांगितलंही. डिसेंबर १९८१ मध्ये मोहम्मद अशरफ खान हा कामगार विषारी फॉस्जीन वायूच्या संपर्कात येऊन मेला. पुढच्याच महिन्यात झालेल्या गळतीत आणखी चोवीस कामगारांना बाधा झाली. संघटनेने भिंतीवर पत्रकं लावली, शहरात वाटली. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्याच अमेरिकन पथकाने पाहणी करून गंभीर धोक्यांची यादी दिली. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ या साप्ताहिकात भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे, असा इशारा पुन्हा पुन्हा दिला. बातमीचा एक धागा त्यांना मिळाला होता अशरफच्या मृत्यूतून. तो त्यांचा मित्र होता.

मग हे ऐकलं का गेलं नाही? कारण समोर नोकऱ्यांचा आणि गुंतवणुकीचा प्रश्न होता. १९७५ मध्येच महापालिकेचे प्रशासक महेश बुच यांनी कारखाना वस्तीपासून दूर हलवा, अशी नोटीस काढली होती. काही झालं नाही. डिसेंबर १९८२ मध्ये विधानसभेत प्रश्न आला तेव्हा कामगारमंत्री तारासिंग वियोगी यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा, की इथे पंचवीस कोटींची गुंतवणूक आहे, कारखाना म्हणजे इकडून उचलून तिकडे ठेवायचा दगड नव्हे. एका मागास राज्यातल्या मंत्र्याला एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या जाण्याची केवढी धास्ती असते, ते या उत्तरात दिसतं. कंपनी निघून जाईल ही भीती हेच तिचं सगळ्यात मोठं संरक्षण होतं.

आणि त्याच सुमारास खुद्द कंपनी तो दगड उचलायच्या विचारात होती. १९८४ मध्ये भोपाळचा कारखाना विकायला काढण्याचा, गिऱ्हाईक मिळालं नाही तर यंत्रसामग्री सोडवून इंडोनेशिया किंवा ब्राझीलला नेण्याचा विचार कंपनीत चालू होता. सरकार ज्या रोजगारासाठी गप्प बसलं होतं, तो रोजगार तसाही जाणारच होता. कामगारांना, नगरसेवकांना, कुंपणाला लागून राहणाऱ्या जयप्रकाश नगरच्या लोकांना हे कोणी सांगितलं नाही. उलट त्याच वर्षी राज्य सरकारने झोपडपट्टीवासीयांना पट्टे द्यायचा कायदा केला आणि कारखान्याभोवतीच्या वस्त्या कायम झाल्या.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे चाळीस टन मिक हवेत गेलं. विषारी वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर वेळेवर चालला नाही, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. काझी कॅम्प, छोला, टीला जमालपुरा, रेल्वे कॉलनी या वस्त्यांतून लोक पळत सुटले. राज्य सरकारने त्या काळातले ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याच्या अनेक पट आकडा सांगतात. ५,५८,१२५ लोकांना दुखापत झाल्याचं सरकारने २००६ मध्ये शपथपत्रावर दिलं.

दोन आठवड्यांनी, १६ डिसेंबरला, उरलेलं मिक संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालू केला गेला. ‘ऑपरेशन फेथ’ असं नाव दिलं होतं, मुख्यमंत्री अर्जुनसिंग स्वतः कारखान्यात थांबले. लोकांचा विश्वास बसला नाही. दोन लाखांहून जास्त लोकांनी शहर सोडलं. महिन्यात दुसऱ्यांदा भोपाळचे बाजार ओस पडले. हातावर पोट असलेल्यांचे सबंध महिन्याचे रोज बुडाले, गिऱ्हाइकी गेली, उधारी थकली. ती शेवटची पाळी चालवायला तेच कामगार आत गेले होते, ज्यांच्या घरची माणसं बाहेर खोकत होती. त्यांचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी होतो.

१९८५ मध्ये टाळं लागलं. सुमारे साडेसहाशे कायम नोकऱ्या गेल्या, आणि जवळजवळ तितक्याच तात्पुरत्या. तात्पुरत्यांचा आकडा कुठल्याच हिशेबात नीट उतरला नाही. कार्बाइडच्या पगारावर शेजारची किराणा दुकानं, घरमालक, रिक्षावाले जगत होते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की ‘कार्बाइडचा माणूस’ ही ओळख एका रात्रीत मानाची होती ती संशयाची झाली. अपघाताला एक नाराज कामगार जबाबदार आहे, त्याने मुद्दाम पाणी सोडलं, हा सिद्धांत कंपनीने पुढे केला आणि कधीच सोडला नाही. म्हणजे नोकरी गेली आणि दोषही माथी आला. याला कामगारांनीच उत्तर दिलं. कारखान्यातले ऑपरेटर टी. आर. चौहान यांनी सहकाऱ्यांच्या साक्षींसह एक पुस्तक लिहिलं. १९९४ मध्ये ते आलं, आणि त्याची भारतीय आवृत्ती गोव्यातल्या म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने काढली. कुठली पाइपलाइन कधी बंद होती, कुठल्या पाळीत किती माणसं होती, हे त्यात यंत्रावर हात ठेवणाऱ्यांनी सांगितलं आहे. भोपाळवर शेकडो पुस्तकं आहेत. ज्याला कारखाना कसा मरतो हे कळून घ्यायचं आहे त्याने हे आधी वाचावं.

शहराच्या अर्थव्यवस्थेवरचा घाव कारखान्याच्या पगारपत्रकापेक्षा कितीतरी मोठा होता. ५६ पैकी ३६ प्रभाग वायुबाधित ठरले. तिथे राहत होते ते हमाल, हातगाडीवाले, बिडी वळणाऱ्या बायका, गवंडी. या कामांना दम लागतो, आणि वायूने घेतला होता तो दमच. कमावता माणूस घरी बसला म्हणून जी कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती ती बाई कामाला निघाली. सरकारने शिवणकेंद्रं काढली, स्टेशनरी बनवण्याचं केंद्र काढलं, गोविंदपुऱ्यात वर्कशेड बांधल्या. शिवणकेंद्रं थोड्याच काळात बंद पडायला लागली. तेव्हा त्या बायका रस्त्यावर आल्या आणि अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखाली भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन उभं राहिलं. ‘खैरात नहीं, रोजगार चाहिए’ ही त्यांची घोषणा. संघटनेच्या नावातच ‘उद्योग’ आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. स्टेशनरी केंद्रातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी वेतनासाठी संघटना बांधली आणि १९८९ मध्ये बायका-मुलांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेला. २००४ मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. बातम्यांत त्यांची ओळख पर्यावरणवादी म्हणून झाली, पण सुरुवात पगाराच्या मागणीपासून आहे.

नुकसानभरपाईचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ७१५ कोटी रुपयांवर तडजोड झाली. १९८५ च्या दावे कायद्यात धंदा किंवा रोजगार बुडाल्याचा दावाही बसत होता. प्रत्यक्षात बहुतेक रक्कम मृत्यू आणि दुखापतीच्या दाव्यांत गेली आणि बहुसंख्य पीडितांच्या हाती पहिल्या वाटपात २५,००० रुपये आले. १९९० पासून अंतरिम मदत होती ती महिना २०० रुपये. एका माणसाच्या उरलेल्या कामाच्या वर्षांची ही किंमत होती.

कंपनीचं काय झालं? ती मोडली नाही. १९९४ मध्ये मूळ कंपनीचे भारतीय शेअर कलकत्त्याच्या मॅक्लिओड रसेलने घेतले, कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं, बॅटऱ्या बनत राहिल्या. विक्रीच्या पैशातून भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, तेही न्यायालयाने शेअर जप्त केले होते म्हणून. २००१ मध्ये अमेरिकन युनियन कार्बाइड डाऊ केमिकलच्या मालकीची झाली. भोपाळच्या कारखान्याची जमीन १९९८ मध्ये राज्य सरकारकडे परत आली, आतल्या रसायनांसह. आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांना दूषित पाणी येत राहिलं आणि नळाचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले.

कारखान्याच्या आवारात साठवलेला ३३७ टन कचरा हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. बारा कंटेनर अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला गेले, धार जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका औद्योगिक वसाहतीत. तिथल्या लोकांनी तीव्र विरोध केला. जूनअखेर कचरा जाळून झाला. भोपाळच्या मातीत आणि भूजलात मुरलेलं विष अजून तसंच आहे. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या कारखान्याचा खर्च आजही राज्याच्या तिजोरीतून होतो आहे.

या चाळीस वर्षांत मंडीदीप वाढत गेलं. १९७७ मध्ये फ्रेंच सहकार्याने सुरू झालेली एचईजी जगातल्या मोठ्या इलेक्ट्रोड उत्पादकांपैकी एक झाली. या धंद्यात एके काळी युनियन कार्बाइडचा जगभर दबदबा होता. तिच्या त्या शाखेतून आज ग्राफटेक ही कंपनी उरली आहे, आणि २०२४ मध्ये एचईजीने तिचे सुमारे आठ टक्के शेअर विकत घेतले. भोपाळच्या परिसरातली एक कंपनी कार्बाइडच्या वारसाची भागीदार झाली. मालकी कशी फिरते याचं दुसरं उदाहरणही मंडीदीपचंच. आयशरचा इथला ट्रॅक्टर कारखाना २००५ मध्ये चेन्नईच्या टाफेकडे गेला. फाटकावरची पाटी बदलली, कारखाना चालू राहिला. प्रत्येक वेळी असं नशीब असतंच असं नाही.

महाराष्ट्राने दुसरी तऱ्हा पाहिली आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला मोटारींचा कारखाना काढला, २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यात चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केलं. चिनी ग्रेट वॉलला कारखाना विकायचा करार सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, १,४१९ कामगारांना कमी केल्याची नोटीस लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. जमीन, शेड, यंत्रं यांना नवा मालक मिळाला. जुन्या कामगारांना परत घ्या, ही संघटनेची मागणी मात्र आंदोलनातच राहिली. तिथे कोणी मेलं नाही, हवा विषारी झाली नाही. तरीही यंत्रांची विक्री आधी आणि माणसांचा प्रश्न नंतर, हा क्रम तोच आहे. देशी मालकांनीही यात कसूर ठेवलेली नाही. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद झाली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक कामगार गेले होते.

कायदा काय देतो? कारखाना रीतसर बंद झाला तर किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट १९८४ पासून शंभर कामगारांच्या कारखान्याला होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. मंडीदीपसारख्या वसाहतीत याचा अर्थ गंभीर आहे, कारण तिथले कितीतरी कारखाने तीनशेच्या खाली आहेत आणि मोठ्या कारखान्यांतही बरीच कामं ठेकेदाराच्या माणसांकडून होतात. ठेकेदाराचा करार संपला की त्यांचं काम संपतं. त्याला कोणी कारखानाबंदी म्हणत नाही, त्याची नोटीस लागत नाही. कार्बाइडमधल्या तात्पुरत्या कामगारांसारखेच तेही मोजणीतून निसटतील.

मंडीदीपमध्ये कंपनी आणताना जमिनीचा दर, वीज, पाणी, करसवलत या सगळ्याचे करार लिहून होतात. जाण्याच्या अटीही त्याच वेळी लिहून घ्याव्यात. ठेकेदाराकडच्या प्रत्येक माणसाची नोंद सरकारी वहीत असावी. विषारी माल हाताळणाऱ्या कारखान्याने सफाईची रक्कम आधीच बाजूला ठेवावी. आणि देखभालीची माणसं किंवा पाळ्या कमी होऊ लागल्या तर त्याची खबर कामगार संघटनेला आणि नगरपालिकेला तेव्हाच मिळावी. कारखाना निरीक्षकाने कामगारांची पत्रकं वाचावीत. भोपाळमध्ये ती १९८२ सालीच भिंतीवर लागली होती.